धुरात उरलेला ऑक्सिजन

एक लिटर पेट्रोल नीट, पूर्ण जाळायचं तर सुमारे ९,००० लिटर हवा लागते. पंपावर आपण पैसे मोजतो ते पेट्रोलचे. हवा फुकट, त्यामुळे तिचा हिशेब कोणी ठेवत नाही. इंजिनाच्या लेखी मात्र हवा हीच मोठी वाटेकरी. वजनात सांगायचं तर १ किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा. या प्रमाणात दोन्ही एकत्र आले आणि सगळं जळलं, तर मागे ना पेट्रोल उरतं, ना ऑक्सिजन. अभियंते या बिंदूला 'लॅम्डा एक' म्हणतात. हवा याहून कमी पडली तर मिश्रण 'रिच', जास्त झाली तर 'लीन'. गॅरेजमध्येही हेच शब्द चालतात, म्हणून आपणही तेच वापरू.

हे प्रमाण सांभाळणं सोपं नाही. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर दर सेकंदाला १०० वेळा कुठल्या ना कुठल्या सिलिंडरमध्ये मिश्रण पेटतं. प्रत्येक वेळी इंजेक्टर काही मिलिसेकंद उघडतो, तेवढ्यात नेमकं पेट्रोल सोडतो आणि बंद होतो. किती सोडायचं, हे गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, आत येणाऱ्या हवेवरून ठरवतो. पण तो अंदाजच. इंजेक्टरच्या तोंडाशी कचरा साठतो, पेट्रोलचा दाब थोडा उतरतो, हवेच्या पाइपाला बारीक चीर जाते, पेट्रोलच वेगळ्या जातीचं येतं. आत जाताना केलेला हिशेब बरोबर होता की नाही, हे जळून बाहेर पडलेल्या धुरावरूनच कळतं. म्हणून एक्झॉस्टच्या नळीत, इंजिनाच्या अगदी जवळ, एक सेन्सर बसवलेला असतो. त्याचं नाव ऑक्सिजन सेन्सर. मेकॅनिकच्या तोंडी 'ओटू सेन्सर', युरोपात 'लॅम्डा सेन्सर'.

एवढी काटेकोर नजर ठेवण्याची गरज मुळात का पडली, याचं उत्तर कॅलिफोर्नियात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून लॉस एंजेलिस शहरावर तपकिरी, डोळे झोंबवणारं धुकं साचू लागलं. हे धुकं येतं कुठून, हे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं. गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरणाच्या धुरातले न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. धुकं बनतं ते यातूनच. पुढे १९७० साली अमेरिकेच्या संसदेने कायदा केला, की नव्या गाड्यांच्या धुरातले विषारी वायू काही वर्षांत ९० टक्क्यांनी कमी झाले पाहिजेत. गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी हे अशक्य असल्याची ओरड केली, पण कायदा टिकला आणि अभियंत्यांना कामाला लागावं लागलं.

त्यातून एक्झॉस्टच्या वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, आपल्याकडच्या बोलीत 'कॅट-कॉन'. आत सिरॅमिकची जाळी आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचा पातळ लेप. या धातूंच्या पृष्ठभागावर तीन विषारी घटकांचा निकाल लागायला हवा. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन या पहिल्या दोघांना ऑक्सिजन द्यावा लागतो, म्हणजे ते जळून जातात. तिसरा, नायट्रोजन ऑक्साइड. त्याच्याकडून ऑक्सिजन काढून घ्यावा लागतो, म्हणजे साधा नायट्रोजन उरतो. एकाच डब्यात, एकाच वेळी देणं आणि घेणं! धुरात ऑक्सिजन जास्त असेल तर पहिले दोन जळतात, पण तिसरा तसाच सुटतो. ऑक्सिजन कमी असेल तर तिसरा मोडतो, पहिले दोन सुटतात. तिन्हींचा बंदोबस्त होतो तो फक्त लॅम्डा एकच्या अगदी लगतच्या अरुंद पट्टीत. ही पट्टी जेमतेम एखाद्या टक्क्याची. कार्ब्युरेटरच्या जेटने आणि स्क्रूने एवढी अचूकता सांभाळणं शक्य नव्हतं. कॅट-कॉन उपयोगाचा ठरायचा असेल, तर धूर वाचून क्षणोक्षणी पेट्रोल कमीजास्त करणारं कोणीतरी हवं होतं.

जर्मनीतल्या बॉश कंपनीने १९७६ साली असा सेन्सर कारखान्यात बनवायला घेतला. कॅलिफोर्नियात विकायच्या व्हॉल्वो गाड्यांवर तो प्रथम बसला. व्हॉल्वोला याचा इतका अभिमान, की गाडीच्या पुढच्या जाळीवर 'लॅम्डा सोंड' असा बिल्ला लावला जाई. माझ्या मते गाडीच्या इतिहासात एवढ्या लहान वस्तूने एवढा मोठा फरक क्वचितच पाडला असेल. कॅट-कॉनचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण या सेन्सरवाचून तो अर्धंच काम करू शकला असता.

आता हा सेन्सर हातात घेऊन बघू. बाहेरून दिसतो तो स्पार्क प्लगच्या धाटणीचा: षटकोनी डोक्याचा धातूचा तुकडा, २२ नंबरचा पाना बसतो, आटे बहुतेक कारना १८ मिलिमीटरचे. एका टोकाला भोकं असलेली धातूची टोपी, जी नळीत धुरामध्ये राहते. दुसऱ्या टोकातून वायर निघतात. हल्लीच्या बहुतेक सेन्सरना चार. टोपीच्या आत खरी वस्तू असते: शिंप्याच्या अंगुस्तानासारखी, एका बाजूने बंद असलेली सिरॅमिकची पोकळ नळी. तिच्या आतून आणि बाहेरून प्लॅटिनमचा सच्छिद्र मुलामा. बाहेरच्या बाजूला धूर, आतल्या पोकळीत बाहेरची साधी हवा. नव्या सेन्सरमध्ये नळीच्या जागी चपटी पट्टी आली, पण मांडणी तीच: एका अंगाला धूर, दुसऱ्या अंगाला हवा, मध्ये सिरॅमिकची भिंत.

ही भिंत झिर्कोनियाची. झिर्कोनिया नाव अनोळखी वाटलं तरी पदार्थ आपल्या ओळखीचा आहे. सराफाच्या दुकानात 'अमेरिकन डायमंड' म्हणून मिळणारा खडा झिर्कोनियाचाच असतो. शुद्ध झिर्कोनिया तापताना आणि थंड होताना स्फटिकाची रचना बदलतो आणि तडकतो. तसं होऊ नये म्हणून त्यात थोडा यिट्रियम ऑक्साइड मिसळतात. या मिसळण्याने पदार्थ टिकाऊ होतो आणि शिवाय एक वेगळाच गुण त्याच्यात येतो. झिर्कोनियमच्या प्रत्येक अणूवर चार धन प्रभार असतात, यिट्रियमवर तीनच. जमाखर्च जुळवायला स्फटिकात काही ठिकाणी ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात. भिंत तापली की शेजारचा ऑक्सिजनचा आयन उडी मारून रिकाम्या जागेत येतो, त्याची जागा रिकामी होते, तिथे तिसरा येतो. अशा रीतीने ऑक्सिजनचे आयन घन भिंतीतून चालत जाऊ शकतात. इलेक्ट्रॉन मात्र त्यातून जात नाहीत.

हा पदार्थ पहिल्यांदा कामाला लावला वाल्थर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने, १८९७ साली, तोही दिव्यासाठी. झिर्कोनिया आणि यिट्रियाची बारीक कांडी तापवली की तिच्यातून वीज वाहते आणि ती पांढरीशुभ्र प्रकाशते. अडचण एकच होती. थंड असताना ती वीज वाहूच देत नसे. दिवा लावण्याआधी ती वेगळी गरम करावी लागे. पुढे टंगस्टनच्या तारेचे दिवे आले आणि नेर्न्स्टचा दिवा मागे पडला. पण ही कांडी वीज वाहते ती रिकाम्या जागांमुळे, हे कार्ल वॅग्नर यांनी १९४३मध्ये उलगडून दाखवलं. दुसरीकडे, दिव्याच्याही आधी, १८८९मध्ये, नेर्न्स्टने एक समीकरण मांडलं होतं: पदार्थाचं प्रमाण दोन बाजूंना वेगळं असेल तर किती व्होल्टेज तयार होईल, याचं. नेर्न्स्टचं समीकरण आणि नेर्न्स्टचा पदार्थ, दोन्ही आज एका सेन्सरमध्ये एकत्र नांदतात. नेर्न्स्ट स्वतः गाड्यांचा मोठा शौकीन होता, हे कळल्यावर मला फार आनंद झाला. १९२० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं, पण त्याच्या कांडीचा पदार्थ कोट्यवधी गाड्यांच्या धुरात जाऊन बसेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

ते समीकरण काय सांगतं? भिंतीच्या एका अंगाला २१ टक्के ऑक्सिजन असलेली हवा, दुसऱ्या अंगाला फार कमी ऑक्सिजन असलेला धूर. हवेच्या बाजूचे ऑक्सिजनचे आयन धुराकडे जाऊ पाहतात आणि दोन्ही अंगांच्या प्लॅटिनममध्ये व्होल्टेज उभं राहतं. किती, तर सुमारे ७०० अंश सेल्सिअसला, दोन बाजूंच्या प्रमाणात दर दहा पटीच्या फरकाला जवळजवळ ५० मिलिव्होल्ट. मिश्रण लीन असताना धुरात समजा १ टक्का ऑक्सिजन आहे. हवेत त्याच्या २१ पट. म्हणजे व्होल्टेज ६० ते ७० मिलिव्होल्ट, जवळपास काहीच नाही. मिश्रण रिच झालं की काय होतं, ते खरं बघण्यासारखं आहे. रिच धुरातही थोडासा मोकळा ऑक्सिजन हुकून राहिलेला असतो. पण सेन्सरच्या बाहेरच्या प्लॅटिनमवर तो पोचला, की तिथल्या कार्बन मोनॉक्साइडशी त्याचं लगेच ज्वलन होतं. प्लॅटिनमजवळ उरणारा ऑक्सिजन मग इतका क्षुल्लक होतो, की हवेच्या तुलनेत तो दहाच्या सतरा-अठरा पायऱ्या खाली जातो. सतरा-अठरा गुणिले ५० मिलिव्होल्ट म्हणजे साधारण ०.८५ ते ०.९ व्होल्ट.

म्हणजे लॅम्डा एकच्या या बाजूला ०.१ व्होल्टच्या आत, त्या बाजूला ०.८च्या वर, आणि मधली उडी जवळजवळ उभी कड्यासारखी. ईसीयू ०.४५ व्होल्टला रेघ मारतो. सेन्सर रेघेच्या खाली असेल तर 'लीन आहे, पेट्रोल वाढव', वर असेल तर 'रिच आहे, कमी कर'. हा सेन्सर किती लीन, किती रिच हे सांगत नाही. कुठल्या बाजूला, एवढंच सांगतो. म्हणून ईसीयूला सतत इकडून तिकडे करत राहावं लागतं. थोडं वाढवा, रेघ ओलांडली. थोडं कमी करा, परत ओलांडली. अशा सेन्सरची गाडी स्कॅनरला लावली आणि आलेख बघितला, तर गरम इंजिनावर तो सेकंदाला एक-दोनदा खालीवर होताना दिसतो. आलेख जिवंत नाचतोय, याचा अर्थ सगळं ठीक चाललं आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं काहीतरी बिघडलंय.

कॅट-कॉनलाही हा झोका चालतो, कारण त्यात सिरियम ऑक्साइड मिसळलेलं असतं. लीनच्या क्षणी ते जादा ऑक्सिजन धरून ठेवतं, रिचच्या क्षणी सोडतं. त्यामुळे कॅट-कॉनच्या पोटात हिशेब सरासरीने जुळतो.

नेर्न्स्टच्या दिव्याची अडचण सेन्सरच्याही मागे लागली. झिर्कोनियाची भिंत ३०० अंशांच्या वर गेल्याशिवाय आयन नीट हलत नाहीत. सुरुवातीच्या एका वायरीच्या सेन्सरला धुरानेच तापायची वाट बघावी लागे. तोवर ईसीयू आंधळाच चाले. १९८२ पासून बॉशने सेन्सरच्या पोटात विजेचा हीटर घातला. हल्लीचा सेन्सर गाडी चालू केल्यापासून थोड्याच सेकंदांत काम सुरू करतो. धुरातल्या विषारी वायूंचा मोठा हिस्सा थंड इंजिनाच्या पहिल्या एक-दोन मिनिटांतच बाहेर पडतो, हे लक्षात घेतलं तर या हीटरचं मोल कळेल. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत नव्या मॉडेलच्या धुराची चाचणी होते, तीही आता थंड इंजिनापासूनच मोजली जाते. तरी हीटर घाई करू शकत नाही. थंड नळीत धुरातली वाफ पाण्याचे थेंब होऊन बसते, आणि तापलेल्या सिरॅमिकवर असा थेंब पडला तर ते तडकतं. म्हणून नळी कोरडी होण्याइतकी तापली असा अंदाज येईपर्यंत ईसीयू हीटर हळू चालवतो.

या सेन्सरला पेट्रोलबद्दल काहीच माहिती नसते, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १४.७ हा आकडा त्याला ठाऊक नाही. ऑक्सिजन शिल्लक आहे की नाही, एवढंच तो बघतो. याचा फायदा आपण आज रोज घेतो. आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. त्यातलं काही महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांतून येतं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्यामुळे त्याला हवा कमी लागते, किलोमागे ९ किलोच. त्यामुळे अशा मिश्रणाचं योग्य प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास उतरतं, म्हणजे तेवढ्याच हवेला शुद्ध पेट्रोलपेक्षा ८-९ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. सेन्सर असलेली गाडी हे आपोआप जुळवून घेते. सेन्सर लीन सांगतो, ईसीयू इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवतो, आणि ही सुधारणा लक्षातही ठेवतो. अॅव्हरेज थोडं पडतं ते इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी असते म्हणून; मिश्रण मात्र बरोबर राहतं. कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटरसायकलला हे जमत नाही. तिचा जेट ठरलेला, त्यामुळे ती लीनच चालते. सीएनजीचंही तसंच. त्याला किलोमागे सुमारे १७ किलो हवा लागते, तरी गाडी पेट्रोलवरून सीएनजीवर गेली की तोच सेन्सर तेच काम करतो.

पण याच गुणातून घोटाळेही होतात, आणि ते ओळखायला आले तर गॅरेजचा बराच खर्च वाचतो. समजा एका सिलिंडरचा प्लग खराब झाला आणि इंजिन मिसिंग मारू लागलं. त्या सिलिंडरमधलं सगळं पेट्रोल न जळता बाहेर पडतं. आपल्याला वाटेल, सेन्सर आता रिच म्हणेल. पण पेट्रोलबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही ढीगभर बाहेर आला. तो एवढा, की प्लॅटिनमवर जळूनही संपत नाही. सेन्सर ऑक्सिजन बघतो आणि प्रामाणिकपणे 'लीन' सांगतो. बिचारा ईसीयू सगळ्याच सिलिंडरचं पेट्रोल वाढवतो आणि गाडी आणखी काळा धूर सोडते. दुसरं उदाहरण एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या फाटलेल्या गॅस्केटचं. एक्झॉस्टमध्ये दाब सतत वरखाली होतो, आणि दाब उतरलेल्या क्षणी बारीक फटीतून बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सर पुन्हा 'लीन' म्हणतो. दोन्ही वेळा सेन्सर खरंच बोलतो. बिघाड दुसरीकडे असतो. तरी स्कॅनरवर 'पी०१७१', म्हणजे मिश्रण फार लीन, असा कोड दिसला की अनेक ठिकाणी पहिला हात ओटू सेन्सरलाच जातो. हजारो रुपयांचा नवा सेन्सर बसतो, कोड पुसला जातो, आणि आठवड्याने चेक इंजिनचा दिवा परत लागतो. असे बळी गेलेले चांगले सेन्सर मी गॅरेजच्या भंगाराच्या डब्यात पाहिले आहेत.

बहुतेक गाड्यांना दुसरा सेन्सरही असतो, कॅट-कॉनच्या मागे. त्याचं मुख्य काम मिश्रण ठरवणं नाही, कॅट-कॉनवर लक्ष ठेवणं. कॅट-कॉन निरोगी असेल तर पुढच्या सेन्सरचा झोका त्याच्या पोटात जिरतो आणि मागचा सेन्सर ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास शांत राहतो. मागचाही पुढच्यासारखा नाचू लागला, तर ईसीयूला कळतं की कॅट-कॉनची ऑक्सिजन धरून ठेवण्याची ताकद गेली. मग 'पी०४२०' हा कोड येतो. या कोडला घाबरून मागचा सेन्सर बदलणं म्हणजे निरोप आणणाऱ्यालाच हाकलणं. आधी नळीची गळती बघावी, इंजिन तेल खातंय का बघावं, आणि मगच कॅट-कॉनचा विचार करावा.

नव्वदच्या दशकात आणखी पुढची जात आली, 'वाइडबँड'. त्यात झिर्कोनियाच्या दोन पेशी असतात आणि मध्ये एक बारीक खोली. एक पेशी खोलीतल्या ऑक्सिजनवर नजर ठेवते. दुसरी विजेच्या जोरावर ऑक्सिजन आत किंवा बाहेर पंप करून खोली नेहमी लॅम्डा एकवर ठेवते. त्यासाठी किती प्रवाह लागला, कुठल्या दिशेने लागला, त्यावरून मिश्रण नेमकं किती लीन किंवा रिच आहे हे कळतं. जुन्या सेन्सरसारखं नुसतं हो-नाही नसतं. कायम लीन चालणाऱ्या डिझेल इंजिनालाही त्यामुळे सेन्सर लावता आला. अशा गाडीच्या स्कॅनरवर नाचणारा आलेख शोधू नका. तिथे तो जवळजवळ सपाटच असतो.

आपल्या देशात या सगळ्याला रस्ता मोकळा झाला तो पेट्रोलमधलं शिसं काढल्यावर. इंजिन खडखडू नये म्हणून पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालत. ते प्लॅटिनमवर बसून कॅट-कॉन आणि सेन्सर दोन्ही मारून टाकतं. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत नव्या पेट्रोल कारना कॅट-कॉन सक्तीचा झाला आणि त्यांच्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आलं. २००० सालच्या फेब्रुवारीपासून देशभर शिसं बंद झालं. मुलांच्या रक्तात जाणारं विष त्याने थांबलं, हा लाभ गाड्यांच्या लाभाहून कितीतरी मोठा. पुढे १ एप्रिल २०२० ला धुराचे बीएस-६ हे नियम आले, बहुतेक स्कूटर-मोटरसायकलींचे कार्ब्युरेटर गेले, इंजेक्टर आले, आणि त्यांच्या सायलेन्सरच्या वळणावर लहान आट्यांचा ओटू सेन्सर येऊन बसला. तुमच्या दुचाकीच्या इंजिनापासून निघणाऱ्या नळीत एक वायर जाताना दिसत असेल, तर ती त्याचीच.

शिसं गेलं तरी सेन्सरचे इतर शत्रू आहेत. इंजिनाच्या जोडाला लावायचं स्वस्त सिलिकॉन सीलंट त्यांत पहिला. त्याची वाफ धुरात गेली की सिरॅमिकवर काचेसारखा पांढरा थर बसतो आणि सेन्सर मंदावतो. सीलंट घेताना डब्यावर ऑक्सिजन सेन्सरला चालेल असं लिहिलेलं आहे ना, हे बघूनच घ्यावं. हेड गॅस्केटमधून कूलंट जळत असेल, तर त्यातले सिलिकेटही हेच करतात. तेल खाणाऱ्या इंजिनातला फॉस्फरस चिकटून राखेचा थर चढतो. निव्वळ काजळी मात्र इतकी वाईट नाही; गाडी गरम करून हायवेवर नीट चालवली तर बरीचशी जळून जाते. आणखी एक गोष्ट अनेक वायरमनना माहीत नसते. अनेक सेन्सरमध्ये आतल्या अंगाची स्वच्छ हवा वायरीच्या पोटातूनच येते. म्हणून अशा सेन्सरची वायर तुटली तर सोल्डर करू नये, क्रिम्प करून जोडावी, आणि कनेक्टरवर तेलकट स्प्रे मारू नये. त्या स्प्रेची वाफ आत गेली की संदर्भाची हवाच बिघडते आणि सेन्सर खोटं लीन सांगू लागतो.

पीयूसी काढायला जाल तेव्हा एका आकड्याकडे जरूर लक्ष द्या. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल कारसाठी इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांच्या आसपास फिरवून लॅम्डाही तपासायचा असतो, आणि तो ०.९७ ते १.०३च्या आत असावा लागतो. हा आकडा यंत्र धुरातल्या वायूंच्या प्रमाणावरून गणिताने काढतं, गाडीच्या सेन्सरला विचारून नाही. त्यामुळे गाडीच्या सेन्सरची ती स्वतंत्र परीक्षा ठरते. लॅम्डा नीट आणि कार्बन मोनॉक्साइड कमी, तर सेन्सर आणि कॅट-कॉन दोघेही कामावर आहेत असं समजा. गाडी नुसती उभी करून, पाइपात नळी न घालता पावती हातात ठेवणारं केंद्र असेल, तर तिथून निघा आणि दुसरीकडे जा.

आणि मेकॅनिकने 'ओटू सेन्सर बदलावा लागेल' म्हटलं, तर वाद घालू नका, तीन गोष्टी विचारा. स्कॅनरवर चालत्या इंजिनाचा सेन्सरचा आलेख बघितला का? गॅस्केट, प्लग आणि हवेच्या पाइपाची गळती तपासली का? हीटरच्या वायरला करंट येतोय का? या तिन्हींचं उत्तर मिळाल्यावरही सेन्सर बदलायचा ठरला, तर जुना सेन्सर परत मागून घ्या आणि त्याच्या टोकाचा रंग बघा. पांढरा थर असेल तर सिलिकॉन किंवा कूलंट कुठून येतंय ते शोधल्याशिवाय नवा बसवू नका, नाहीतर तोही त्याच वाटेने जाईल.